आवाज वरखाली

पडद्यावर दोघंजण उभ्या गाडीत बसून काहीतरी कुजबुजत होते आणि त्याला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. म्हणून त्याने रिमोट उचलून आवाज वाढवला, मग आणखी वाढवला, आणि एकदाचं कुठे "उद्या सकाळी" एवढं कानावर आलं, पुढचं काही कळायच्या आत त्या गाडीवर मागून ट्रक येऊन आदळला. ट्रक येणार हे त्याला माहीत होतं. हा सिनेमा त्याने आधी दोन-तीनदा तरी पाहिला होता. पण या ट्रकने आजवर असा दणका कधी दिला नव्हता. कपाटाची काच थरथरली, हातातला चहा मांडीवर सांडला. चहा चांगला वाफाळता होता, पण चटका बसल्याचं त्याला जरा उशिराच समजलं. म्हणजे आधी त्याने बघितलं की पायजम्यावर डाग पसरतोय, मग मनाशी म्हटलं की आता भाजायला पाहिजे, आणि मग भाजलं. अलीकडे सगळं असंच होत होतं. दूध उतू गेलं की आधी वास यायचा, मग गॅस दिसायचा, मग आपण उठायला हवं असं वाटायचं, आणि तोवर दूध ओट्यावरून खाली फरशीवर आलेलं असायचं. तो रिमोटवरचं बटण चाचपत होता तोवर पडद्यावर काचा फुटत राहिल्या, एक बाई किंचाळत राहिली, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी कात्रीच्या मुठीने ठोकलं. ठक, ठक, ठक. मग पलीकडचं दार वाजलं, आणि मग याच्या दाराची बेल.

"भाऊजी, ट्रक घरात शिरला की काय?"

"सिनेमात होता."

"मग त्याला सांगा, शेजारी माणसं राहतात म्हणून. कॉलर कापत होते मी. कात्री गेली सरळ पाठीत. आता गिऱ्हाईक आलं की काय सांगू, तुमचा शर्ट अपघातात गेला?"

"टीव्हीला लावलेला डबा बिघडलाय," तो म्हणाला. "बोलणं ऐकू येत नाही, आणि आदळआपट तेवढी कानठळ्या बसवते."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

 बाई काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "खरंच, वहिनी होत्या तेव्हा असं कधी झालं नाही," आणि लगेच त्यांनी तोंडावर हात नेला.

"तेव्हा डबा नवा होता," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि हे काय सांडलंय? चहा? भाजलं का हो?"

"भाजलं असणार."

"असणार काय असणार? आत जा आणि गार पाणी ओता त्याच्यावर. आणि तो डबा एक तर नीट करा, नाहीतर माळ्यावर टाका. जन्मभर दुनियेच्या लिफ्टी दुरुस्त केल्यात, आणि हा एवढासा डबा ऐकत नाही तुमचं?"

"कधीपासून?" हा खरं तर त्याचा प्रश्न होता. सारी नोकरी त्याने लिफ्टच्या दुरुस्तीत काढली होती. तक्रार आली की पिशवी खांद्याला लावून जायचं आणि मशीनला हात लावण्याआधी तिथल्या माणसांना एवढंच विचारायचं. उत्तरही ठरलेलं असायचं, "अहो, कालपर्यंत अगदी छान चालत होती." हे कधीच खरं नसतं. लिफ्ट एका दिवसात बिघडत नाही. दोराची एकेक तार कित्येक महिने तुटत असते, दाराचा रूळ घासत असतो, आणि लोक मात्र ज्या दिवशी आत अडकले तो दिवस सांगतात. त्याचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर लिफ्ट चालू होते, पण कशामुळे चालू झाली ते कळत नाही, आणि जे कळलं नाही ते परत बिघडतं. कामावर त्याला सगळे "तळमजला" म्हणायचे, त्याच्या आवाजावरून. गच्चीवरच्या मोटारच्या खोलीत बाकीचे ओरडून बोलायचे आणि हा अशा खालच्या पट्टीत बोलायचा की समोरच्याने वाकून विचारावं, काय म्हणालास. हे नाव एकदा घरी कळलं आणि बायकोने ते उचललं. जेवायला हाक मारल्यावर हा आतून "आलो" म्हणाला की ती म्हणायची, "तळमजल्यावरून निघालात का? या सावकाश, पानं घेते तोवर."

डबा जावयाने दिला होता. तळहातावर मावेल एवढा, काळा, एक तार टीव्हीला आणि एक भिंतीला, आणि पोटात सिनेमेच सिनेमे. संध्याकाळी दिवे लागले की सोफ्याच्या या कडेला तो, त्या कडेला ती, मध्ये भाजलेल्या शेंगांचं ताट. सोलायचा तोच आणि खायचाही तोच. ती अधूनमधून दोन दाणे उचलायची. रिमोट तिच्याकडे असायचा. तसं काही ठरलं नव्हतं, त्याचे हात शेंगांत असायचे म्हणून असेल. त्याला वाटायचं, हिला हातात काहीतरी लागतं, विणकाम नाही तर रिमोट. सिनेमा तो मन लावून बघायचा. तिचं मात्र लक्ष नसायचं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती हटकून विचारायची, "मग शेवटी खून कोणी केला हो?"

"अगं, शेजारी तर बसली होतीस!"

"बसले होते की. पण कोणी केला?"

तो सांगायचा, नायिकेच्या भावाने. वर्षभराने तोच सिनेमा परत लावला की दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. यावरून त्याने तिची पुष्कळ थट्टा केली. मुलीला फोनवर सांगायचा, तुझी आई डोळे उघडे ठेवून झोपते, कोंबडीसारखी. कोंबडी तशी झोपते की नाही हे त्याला माहीत नव्हतं. ती मागून म्हणायची, "झोपू दे ना मला, तुमचं तर होतंय ना बघून." आणि खरंच, त्याचं होत होतं. इतकी वर्षं संध्याकाळी तो तिथे बसला आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की हे ऐकू येतंय ते कसं येतंय.

बाई येऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने डबा तपासायला घेतला. बरं वाटलं असं नाही, पण हातांना ओळखीचं काहीतरी मिळालं. आधी तार बदलली. मग टीव्हीची दुसरी खाच. मग भिंतीतलं बटण. प्रत्येक वेळी त्याच सिनेमाचा तोच तुकडा लावायचा, गाडीतल्या कुजबुजीपासून ट्रकपर्यंत, जसं लिफ्ट तपासताना तेच वजन त्याच दोन मजल्यांमध्ये वरखाली करतात. कुजबुज तशीच बारीक, ट्रक तसाच मोठा. बाईंना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आज दुपारी ट्रक बराच वेळा येईल. "येऊ दे," बाई म्हणाल्या, "मी आज बटणंच लावणार आहे." रिमोटमधले सेल काढून त्याच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. शेवटी डब्याचं झाकण उघडलं. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर बारीक बारीक काळे तुकडे, आणि धूळ. हलणारी एकही वस्तू नाही. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. जिथे काही हलतच नाही, तिथे झिजणार तरी काय? त्याने धूळ फुंकली, झाकण लावलं आणि मुलीला फोन केला.

"बाबा, सेटिंगमध्ये जा."

"आलो."

"काय दिसतंय?"

"चित्र, आवाज, भाषा, घड्याळ."

"आवाजात जा. त्याच्या आत काय काय आहे?"

"बरंच आहे. तू जेवलीस का?"

"ते मी विचारायचं असतं. तुम्ही जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

त्याला आठवेना. "जेवण," तो म्हणाला.

 मुलगी म्हणाली, "बाबा, कान एकदा दाखवून घेऊ या का? मी येते पुढच्या आठवड्यात."

"कानाला काही झालेलं नाही. ट्रक नीट ऐकू येतो."

मग फोन जावयाकडे गेला. जावई समजावून सांगणारा माणूस होता आणि समजावताना त्याला उत्साह यायचा. "बाबा, डबा बिघडलेला नाही हो. सिनेमाचा आवाज मुळात पुष्कळ स्पीकरसाठी केलेला असतो. धडामधूम बाजूच्या स्पीकरांतून, आणि माणसांचं बोलणं मधल्यातून. आता तुमच्या टीव्हीला आहेत दोन. मधला नाहीच. मग मधल्याचं काम ते दोघं आपसांत वाटून घेतात, आणि ते होतं बारीक. सगळ्यांकडे हेच रडगाणं आहे."

"मग आधी कसं नीट येत होतं?"

"आधीही असंच येत असणार."

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे पुरावा आहे."

पुरावा म्हणजे एक लहानसा व्हिडिओ. मुलगी मागे आली होती तेव्हा तिने फोनवर काढलेला, आणि जाताना बाकीच्या फोटोंबरोबर डब्यात भरून ठेवलेला. त्यात काही घडत नाही. आधी भिंत दिसते, मग खिडकी, मग फोन हलत हलत सोफ्यावर येतो. या कडेला तो, तोंड जरासं उघडं, नजर समोर, हात शेंगा सोलताहेत. फोन जवळ असल्यामुळे शेंगा फोडल्याचा आवाज लाकडं मोडल्यासारखा येतो. त्या कडेला ती. टीव्ही चित्रात दिसत नाही, पण ऐकू येतो, आणि लागलेला सिनेमा हाच, ट्रकचा. "उद्या सकाळी" स्पष्ट कळतं. मग फोनच्या मागून मुलगी विचारते, "आई, कसा आहे गं सिनेमा?" बायको काहीतरी म्हणते. मुलगी खदखदून हसते. आणि मग ट्रक येतो, पण कसा, तर गादीवर पडल्यासारखा. धप्प. म्हणजे त्या वेळी कुजबुज कळत होती आणि ट्रक बेताचा होता. तोच डबा, तोच टीव्ही, तोच सिनेमा. डबा तेव्हा ठीक होता याला आणखी काय पुरावा पाहिजे? हे सगळं त्याने जावयाला सांगितलं. जावई म्हणाला, "बघतो बाबा, विचारतो कोणाला तरी."

जावयाला त्याने हे सांगितलं नाही की तो व्हिडिओ तो ट्रकसाठी बघत नव्हता. बायको जे काहीतरी म्हणते, ते त्याला ऐकू येत नव्हतं. लांब बसलेली, मान अर्धी वळलेली, वरून शेंगांचा कडकडाट. आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला की तिच्या आवाजाचा नुसता आकार यायचा, शब्द नाहीत, आणि लगेच त्यावर मुलीचं हसणं असं फुटायचं की भिंतीवर कात्री वाजायची. पुढे पुढे हसणं यायच्या आधीच त्याचा अंगठा भीतीने आवाज कमी करायला लागला, आणि मग तेवढाही आकार राहिला नाही. ओठांवरून कळेल म्हणून तो टीव्हीजवळ स्टूल घेऊन बसला. जवळून बघितलं तर ओठांचे नुसते चौकोन झाले. मुलीला त्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आई काय म्हणाली होती गं त्यात?"

"कशात? हां, ते. नाही हो आठवत बाबा. आईचं काहीतरी नेहमीचंच असेल."

नेहमीचंच. त्याला तेच हवं होतं. कारण शेवटचं जे होतं ते त्याला ऐकू आलेलं नव्हतं. उन्हाळ्यात, दवाखान्यात, दुपारची वेळ होती. वर पंखा, उशाशी एक मशीन, बाहेर ट्रॉलीची चाकं. ती काहीतरी म्हणाली. तो खुर्चीतून पुढे झुकला. अजून झुकला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, म्हणजे येत असेल, पंख्याच्या खाली असेल. तो म्हणाला, "हो." ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ओठ पुन्हा तसेच हलले आणि तो पुन्हा म्हणाला, "हो, हो." लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाहेरून असंच म्हणायचं असतं. आतला काय ओरडतोय ते कळलं नाही तरी म्हणायचं, हो, हो, आलोच. त्याने धीर येतो. सवयीने त्याच्या तोंडून ते गेलं. मग तिने डोळे मिटले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं झालं. आपण कशाला हो म्हणालो हे त्याला माहीत नव्हतं. पाणी द्या म्हणाली असेल. पंखा बंद करा म्हणाली असेल. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, "शेवटी शांतपणे गेल्या ना?" तेव्हाही तो हो म्हणायचा. त्याला रडू आलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं धीराचा माणूस आहे. त्याला वाटलं, येईल, दुधासारखं, उशिरा.

जावयाने दोन दिवसांनी फोन करून एक युक्ती सांगितली. आवाजाच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली एक ओळ होती, "आवाज समान ठेवा". तिच्यापुढच्या चौकोनात टिचकी मारायची. त्याने मारली आणि ट्रकचा तुकडा लावला. कुजबुज वर आली, अगदी शब्दन्‌शब्द. ट्रक आला, तोही तेवढाच. किंचाळणारी बाई तेवढीच. नंतर पाऊल न वाजवता चालणारा पोलीस, त्याच्या बुटांच्या चामड्याची करकर तेवढीच. जणू कोणी सगळ्या आवाजांना एका ओळीत उभं करून डोक्यावर पट्टी ठेवली होती. भिंतीपलीकडून बाई ओरडल्या, "आता कसं शहाण्यासारखं वाजतंय!" आणि संध्याकाळी त्यांनी वाटीतून काहीतरी गोड आणून दिलं, डबा सुधारला म्हणून. त्यालाही ते बरं पडलं. पुढचे काही दिवस तो संध्याकाळभर बसून सिनेमे बघत राहिला. कोणी चहा भुरकत होतं, कोणी मरत होतं, कोणी खिडकी लावत होतं, आणि सगळं एका उंचीवरून त्याच्याकडे येत होतं. शेंगा तो आणत नव्हता. त्याला दचकायला होत नव्हतं. उन्हाळ्यापासून त्याच्या आत जे चाललं होतं तेच आता बाहेर टीव्हीत चाललं होतं, आणि दोन्हींत काही फरक नसल्यामुळे तो बसल्या बसल्या झोपी जायचा. तो व्हिडिओ मात्र त्याने लावला नाही. आता लावला तर कदाचित ऐकू येईल हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ऐकू आलं की ते ऐकून झालेलं असेल. मग काय राहील?

अशाच एका पेंगेत त्याला लिफ्टवाले राजे आठवले. एका जुन्या कचेरीत हाताने चालवायची लिफ्ट होती, पितळी मूठ असलेली. मूठ दाबली की चालायची, सोडली की थांबायची, त्यामुळे मजल्याशी बरोबर थांबवणं सगळं हातावर. ती चालवणारा माणूस असा ताठ बसायचा की सगळे त्याला राजे म्हणायचे. एकदा राजे पोरीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेले, बदली माणूस आला, आणि पहिल्याच दिवशी तक्रार आली की लिफ्ट बिघडली, मजल्याच्या खाली जाऊन थांबते, एक कारकून तोंडावर पडला. हा गेला. कधीपासून? कालपर्यंत छान चालत होती हो. वर जाऊन बघतो तर ब्रेकचा पट्टा पार झिजलेला, काल-परवाचा नव्हे, कित्येक वर्षांचा. तरी लिफ्ट इतके दिवस मजल्याला बरोबर लागत होती, कारण राजे मूठ जरा आधी सोडायचे. आत माणसं किती, त्यावर कमी आधी की जास्त आधी. पट्टा जसजसा झिजला तसतसा त्यांचा हात सरकत गेला, आणि ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. याने पट्टा नवा घातला. राजे लग्न उरकून परत आले, सवयीने मूठ आधी सोडली, आणि लिफ्ट मजल्याच्या वरच अडकून राहिली. राजांनी आकाशपाताळ एक केलं, "माझी चांगली चाललेली लिफ्ट कोणी बिघडवून ठेवली?" ही गोष्ट त्याने घरी जेवताना सांगितली होती आणि स्वतःच हसला होता. बायको हसली, पण मग तिने विचारलं, "राजांना सांगितलंत का मग?"

"काय?"

"की इतकी वर्षं तुमच्या हातामुळे चालत होती म्हणून."

"त्यात सांगायचं काय? पट्टा बदलला. विषय संपला."

"तळमजला तो तळमजलाच," ती म्हणाली आणि त्याला आणखी वाढलं.

तो जागा झाला तेव्हा सिनेमा संपलेला होता आणि पडद्यावर डब्यातल्या सगळ्या गोष्टींची चित्रं ओळीने मांडलेली होती. बाहेर अजून उजेड होता. पलीकडे बाईंचं मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं. फार विचार न करता त्याने तो व्हिडिओ लावला. भिंत, खिडकी, सोफा. शेंगांच्या कडकडाटाची आता नुसती कुरकुर झाली होती. "आई, कसा आहे गं सिनेमा?" आणि बायको म्हणाली, अगदी शेजारी बसून म्हणावं तसं, "मला काय विचारतेस? मी कुठे सिनेमा बघतेय!"

मग मुलीचं हसणं, तेवढंच. मग ट्रक. मग संपलं.

त्याने परत लावला. ऐकायचं जे होतं ते आता ऐकू येत होतं, त्यामुळे कानांना काम राहिलं नाही आणि डोळे मोकळे झाले. इतक्या वेळा बघून त्याने या व्हिडिओत तिचं तोंड सोडून काही पाहिलंच नव्हतं. सिनेमा बघत नाही, तर मग बघते काय ही? तिची मान अर्धी वळलेली होती, हे त्याला माहीत होतं. मुलीकडे वळली असेल असं तो धरून चालला होता. मुलगी समोर होती. बायको त्याच्याकडे बघत होती. शेंगा सोलणाऱ्या, तोंड उघडं ठेवून समोर बघणाऱ्या त्याच्याकडे, नजर न हलवता. त्याने पुन्हा लावला. गाडीतले दोघं कुजबुजायला लागतात, तसा सोफ्यावरचा तो जरासा पुढे झुकतो, कपाळावर आठी येते. आणि तिच्या मांडीवर, चित्राच्या अगदी कडेला, रिमोटवरचा अंगठा हलतो. एकदा, दोनदा. आठी जाते. "उद्या सकाळी." मुलगी विचारते, ती उत्तर देते, मुलगी हसते, आणि त्या हसण्यातच, टीव्हीकडे न बघता, अंगठा दुसऱ्या बटणावर जातो आणि भराभर दाबत सुटतो. धप्प.

डब्याला कधीच काही झालं नव्हतं. पट्टा आधीपासूनच झिजलेला होता. संध्याकाळमागून संध्याकाळ तिने सिनेमा म्हणून त्याचं तोंड बघितलं होतं, आणि खून कोणी केला हे तिला दुसऱ्या दिवशी विचारावं लागत होतं. म्हणजे दवाखान्यात तो "हो" म्हणाला तेव्हाही ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याला ऐकू आलेलं नाही हे तिला कळलं होतं. न कळायला काय झालं? म्हणूनच तिने परत सांगितलं.

हे सगळं त्याला समजलं आणि काही झालं नाही. आता काहीतरी व्हायला पाहिजे असं त्याने मनाशी म्हटलं, चहा सांडला तेव्हा म्हटलं होतं तसं, आणि थोडा वेळ वाट बघितली. मग सेटिंगमध्ये गेला, आवाजात गेला, सगळ्यात खालच्या ओळीपुढची खूण काढून टाकली. ट्रकचा सिनेमा पहिल्यापासून लावला. रिमोट सोफ्याच्या त्या कडेला ठेवला, बटणं वर करून, आणि आपल्या कडेला येऊन बसला. सुरुवातीचं संगीत झालं, पाट्या गेल्या, रस्ता आला, उभी गाडी आली. दोघं कुजबुजायला लागले. शब्द कळेनात. तो पुढे झुकला. कपाळावर आठी आलेली त्याला आतून कळली. तो तसाच थांबला. आवाज वाढला नाही. तो आणखी झुकला, गुडघ्यांवर कोपरं टेकेपर्यंत, आणि समोर बघत राहिला, शेजारी नाही, कारण शेजारी त्याने कधी बघितलंच नव्हतं. "उद्या सकाळी" आलं असेल, त्याला ऐकू आलं नाही. मग ट्रक आदळला. कपाटाची काच थरथरली. कोणी आवाज कमी केला नाही. काचा फुटत राहिल्या, ती बाई किंचाळत राहिली, आणि तो भिंतीवर कात्री वाजायची वाट बघत बसला. पलीकडचं मशीन थांबलं. बाई उठल्या, खुर्ची सरकली, भिंतीपर्यंत पावलं आली. ठोकलं नाही. पडद्यावर पोलीस आले, गेले, पुन्हा दोन माणसं बारीक आवाजात काहीतरी बोलू लागली, आणि मग खोलीत एवढा मोठा आवाज टीव्हीतून नाही, आपल्याच तोंडून येतोय, हे त्याला जरा उशिराच समजलं.